महाबळेश्वरची वटवाघळे आणि आपला केसपेपर

सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर येथील एका गुहेतील वटवाघळांमध्ये निपाह विषाणूच्या संसर्गाच्या खुणा आढळल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने 2021 साली प्रसिद्ध केले. नमुने मार्च 2020 मधील होते. परिसरातील माणसांत लागण आढळलेली नव्हती. तरीही ‘गुहेत धूर करून ही वटवाघळे संपवून का टाकू नयेत?’ असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखक वैद्यक नव्हे, वाणिज्य शाखेचा पदवीधर. म्हणून आधी जमाखर्च पाहतो.

युगांडातील किटाका येथील खाणीत 2007 साली कामगारांना मारबर्ग विषाणूची लागण झाली. तो तेथील वटवाघळांत होता. महाबळेश्वरच्या गुहेतील फलाहारी वटवाघळांची ती जवळची भावकी. पुढे खाणीतील वटवाघळे मारण्यात आली. 2012 मध्ये तेथे पुन्हा वस्ती झालेल्या वटवाघळांची तपासणी झाली, तेव्हा संसर्गाचे प्रमाण सुमारे 5 टक्क्यांवरून 13 टक्क्यांवर गेलेले आढळले. त्याच वर्षी जवळच्या इबांडा येथे माणसांतही हा रोग उद्भवला. संहाराचा हिशेब असा उलटा पडला.

विषाणू गुहेत असणे आणि माणसात येणे यांत एक वाट असते. ती बहुधा आपणच पाडतो. मलेशियात 1998-99 साली वराहपालन केंद्रांना लागूनच फळझाडे होती. वटवाघळांची उष्टी फळे डुकरांच्या पुढ्यात पडली, आणि डुकरांकडून निपाह त्यांना पाळणाऱ्यांपर्यंत पोहोचला. शंभराहून अधिक माणसे दगावली व सुमारे 10 लाख डुकरे मारावी लागली. बांगलादेशात हीच वाट खजुरीच्या कच्च्या रसाच्या मडक्यातून आली. आपल्या सिंधुदुर्गात 2016 साली दोडामार्ग तालुक्यात माकडतापाची साथ आली. तिचे वाहन गोचीड. रानात सरपणाला वा गुरांमागे जाणाऱ्याला ती चावते.

विश्वस्तांनी विशेष लक्ष द्यावे अशी बाब पुढेच आहे. 2001 साली सिलिगुडीत निपाहची लागण झालेल्यांपैकी बहुसंख्यांना ती रुग्णालयांतच झाली. 2018 साली केरळात रुग्णसेवा करताना परिचारिका लिनी पुथुसेरी यांना प्राण गमवावे लागले. हातमोजे, मुखपट्टी व स्वतंत्र खोली यांवरील खर्च ताळेबंदात अनुत्पादक भासतो. माझ्याही लेखणीने एके काळी त्याला कात्री लावली होती, हे येथे नमूद करणे मी कर्तव्य समजतो.

आपल्या केसपेपरवर तापाच्या रुग्णासाठी आता एक रकाना वाढविला आहे : गेल्या तीन आठवड्यांत रानात, गुहेत वा मेलेल्या प्राण्याजवळ जाणे झाले होते काय? सातारा-सांगलीकडील पुष्कळ नातेवाईक संकोचाने ‘नाही’ म्हणतात. शिकारीचा वा वनखात्याचा विषय निघेल, ही भीती. ही माहिती केवळ उपचारासाठी विचारली जाते. रुग्णाला बोलता येत नसेल, तर सोबतच्या माणसाने ती खिडकीवरच सांगावी, ही विनंती.