मुक्त ज्ञानकोशांची शास्त्रपरीक्षा

प्रास्ताविक

आजचा रुग्ण चिकित्सालयात येतो तेव्हा त्याने आपल्या व्याधीविषयी आधीच काहीतरी वाचलेले असते. एके काळी हे वाचन शंकर दाजी शास्त्री पदे यांच्या ‘आर्यभिषक्’सारख्या ग्रंथांतून होत असे. आता ते मोबाइलवर होते. रिसोड तालुक्यातील रिठदसारख्या गावीही गुळवेल किती दिवस घ्यावी, अश्वगंधा कोणास चालत नाही, असे प्रश्न रुग्ण विचारतात आणि त्याबरोबर आंतरजालावरील एखादा लेखही दाखवितात. हा लेख पुष्कळदा मुक्त ज्ञानकोशातील, म्हणजे कोणालाही लिहिता येईल अशा संकेतस्थळावरील असतो. अशा लेखांवर वैद्याने किती विसंबावे, फार्मसीचालकाने त्यांचा उपयोग कसा करावा आणि त्यांत आपला वाटा कोणता असावा, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. लेखनाच्या तीन पद्धती

पहिली पद्धती विकिपीडियाची. हा ज्ञानकोश १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झाला. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ चा. येथे कोणीही लिहावे, कोणीही सुधारावे, लेखाखाली कोणाची सही नाही. प्रत्येक बदलाची नोंद मात्र राहते.

दुसरी पद्धती सहीच्या लेखांची. गूगल कंपनीने ‘नॉल’ नावाचे स्थळ जुलै २००८ मध्ये सर्वांसाठी खुले केले. तेथे लेखकाने स्वतःच्या नावाने लिहावयाचे होते आणि आरंभीच्या लेखांत वैद्यकीय विषय ठळक होते. कल्पना चांगली होती. परंतु एकाच विषयावर अनेकांचे वेगवेगळे लेख जमू लागले, त्यांचा समन्वय झाला नाही आणि २०१२ मध्ये कंपनीने ते स्थळ बंद केले. परक्याच्या स्थळावर लिहिलेल्या लेखाची प्रत स्वतःजवळ ठेवावी, हा व्यवहारी धडा त्यातून घ्यावयाचा.

तिसरी पद्धती संपादक मंडळाची. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे आकारास आलेला मराठी विश्वकोश आता आंतरजालावरही वाचावयास मिळतो. त्यावरील नव्या नोंदींखाली लेखकाचे आणि बहुधा समीक्षकाचेही नाव असते. चरकसंहितेची नवी ऑनलाइन इंग्रजी आवृत्तीही याच वाटेने जाते. तिची मांडणी विकिपीडियासारखी असली तरी अध्यायांच्या लेखकांची आणि संपादकांची नावे दिलेली आहेत.

अनेक हातांनी ग्रंथ घडणे आपल्या शास्त्राला नवे नाही. अग्निवेशाचे तंत्र चरकाने प्रतिसंस्कारित केले आणि चिकित्सास्थानाचे सतरा अध्याय, कल्पस्थान व सिद्धिस्थान दृढबलाने पूर्ण केले. तेथे प्रतिसंस्कर्ता कोण, हे आपणास माहीत आहे आणि त्याचा अधिकार मान्य आहे. विकिपीडियात ‘आप्त’ कोण, याचे उत्तर लेखकाच्या नावात नसून लेखाखालील संदर्भांत शोधावे लागते.

२. या लेखांचा दर्जा

‘नेचर’ या नियतकालिकाने २००५ मध्ये विज्ञानविषयक ४२ लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले होते. इंग्रजी विकिपीडियात एकूण १६२ व एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकात १२३ उणिवा आढळल्या. गंभीर चुका दोन्हींत चार-चार होत्या. ब्रिटानिकाने या तपासणीच्या पद्धतीवर पुढे आक्षेप घेतला. तथापि सर्वांनी लिहिलेला कोश सर्वथा टाकाऊ असतो, ही समजूत त्यामुळे ढासळली.

हा निष्कर्ष मराठीस जसाच्या तसा लावता येत नाही. इंग्रजीत एका लेखावर शेकडो जणांची नजर असते. मराठीत लिहिणारे व तपासणारे थोडे. त्यामुळे गावांवरील कित्येक नोंदी एकाच साच्यातील दोन-चार वाक्यांच्या राहतात आणि वनस्पतींवरील अनेक लेखांत गुणधर्मांची लांबलचक यादी असून तिला एकही संदर्भ नसतो. चुकीची माहिती शिरली तर ती दीर्घकाळ तशीच राहण्याचा संभव अधिक. आता संगणकीय बुद्धिमत्तेची उत्तर देणारी साधनेही अशा मजकुरावर पोसली जातात. म्हणजे एका ठिकाणची चूक अनेक मुखांनी बोलू लागते.

३. २०२२ चे प्रकरण आणि त्याचा बोध

इंग्रजी विकिपीडियावरील आयुर्वेदविषयक मुख्य लेखात आयुर्वेदाच्या सिद्धांतांना व व्यवहाराला ‘छद्मविज्ञान’ म्हटलेले आहे. याविरुद्ध आयुर्वेदिक औषध उत्पादकांच्या एका अखिल भारतीय संघटनेने सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाने ती विचारात घेण्यास नकार दिला. लेखात बदल करण्याची मुभा आहे, याकडे न्यायालयाने लक्ष वेधले आणि अन्य कायदेशीर मार्ग मोकळे ठेवले.

या निर्णयाने आपल्यापैकी अनेकांचे मन दुखावले असेल. परंतु ‘बदल करा’ म्हणणे सोपे असले तरी तो टिकत का नाही, हे समजून घेणे अधिक महत्त्वाचे आहे. वादग्रस्त लेख संरक्षित असतात. नव्या सदस्यास त्यांत थेट बदल करता येत नाही, चर्चापानावर प्रस्ताव मांडावा लागतो. शिवाय विकिपीडिया लेखकाचा स्वानुभव स्वीकारत नाही. ‘माझ्या वीस वर्षांच्या व्यवसायात शंभर रुग्णांना गुण आला’ हे विधान खरे असले तरी तेथे त्यास स्थान नाही. रोग बरा होतो असे म्हणावयाचे असेल तर अनेक चिकित्सापरीक्षणांचा आढावा घेणारे लेख, मान्यताप्राप्त संस्थांची मार्गदर्शक तत्त्वे किंवा प्रमाणभूत पाठ्यग्रंथ यांचा आधार मागितला जातो. एकट्या रुग्णाचा वृत्तांत तेथे दुर्बळ पुरावा मानला जातो.

येथे दोन प्रकारच्या विधानांतील भेद ध्यानात घ्यावा. ‘अमुक ग्रंथात अमुक द्रव्य अमुक व्याधीवर सांगितले आहे’ हे ग्रंथविषयक विधान. त्यास छापील संहिता, टीका वा निघंटू पुरेसा आहे. ‘अमुक द्रव्याने अमुक व्याधी बरा होतो’ हे फलविषयक विधान; त्यास प्रकाशित परीक्षण लागते. आपल्या बाजूने लिहिले जाणारे पुष्कळ लेखन पहिल्या प्रकारचा आधार देऊन दुसऱ्या प्रकारचे विधान करते आणि तेथेच ते खोडले जाते.

लेखी पुराव्याचे बळ काय असते, हे हळदीच्या प्रकरणात दिसले आहे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेलेले पेटंट, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने लढविले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. घरोघरी आजी हळद लावते, एवढे सांगून ते झाले नसते. जुने ग्रंथ आणि छापील लेख दाखवावे लागले. पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय २००१ मध्ये सुरू झाले, ते याच बोधातून.

४. परीक्षा कशी करावी

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात, अध्ययनास आरंभ करण्यापूर्वी शास्त्राचीच परीक्षा करावी असे सांगितले आहे. कारण वैद्यकाची अनेक शास्त्रे लोकांत प्रचलित असतात. ते शास्त्र आप्तजनांनी मानलेले, अर्थगंभीर, पुनरुक्तिदोषरहित आणि सुसंगत असावे, अशा कसोट्या तेथे आहेत. मुक्त लेखास त्या पुढीलप्रमाणे लावता येतील.

(अ) संदर्भ : प्रत्येक महत्त्वाच्या विधानास संदर्भ आहे काय, हे पाहावे. मग निदान दोन संदर्भ प्रत्यक्ष उघडून, तेथे खरोखर तेच लिहिले आहे काय, हे पडताळावे. ‘संदर्भ हवा’ अशी खूण असलेले वाक्य सोडून द्यावे.

(आ) इतिहास : लेखाच्या माथ्यावरील ‘इतिहास पहा’ उघडल्यास कोणता मजकूर केव्हा आला, कोणी काढला, हे कळते. कालच घातलेला आणि कोणीही न तपासलेला परिच्छेद प्रमाण मानू नये.

(इ) चर्चा : चर्चापानावर मतभेद नोंदलेले असतात. तद्विद्यसंभाषेचे संधाय आणि विगृह्य हे दोन्ही प्रकार तेथे पाहावयास मिळतात.

(ई) भाषा : ‘रामबाण’, ‘हमखास’, ‘दुष्परिणामरहित’ असे शब्द दिसले की तो मजकूर जाहिरातीतून आला असावा, असे समजावे.

(उ) मूळ ग्रंथाशी ताडणी : हैदराबाद येथील राष्ट्रीय भारतीय वैद्यकीय वारसा संस्थेने चरक, सुश्रुत व निघंटू यांच्या संगणकीय आवृत्त्या विनामूल्य उपलब्ध केल्या आहेत. वचनाची शहानिशा तेथे काही क्षणांत होते.

५. द्रव्यओळख आणि मात्रा : येथे अधिक सावधानता

मुक्त लेखातील सर्वांत मोठा धोका संदिग्ध द्रव्यांच्या बाबतीत आहे. ‘ब्राह्मी’ या एका नावाखाली बकोपा मोनिएरी आणि सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी, या दोन्ही वनस्पती येतात. शंखपुष्पी म्हणून उत्तरेत कॉन्व्हॉल्व्ह्युलस, तर केरळात गोकर्ण वापरली जाते. रास्नेची स्थिती अशीच आहे. एका वनस्पतीचे छायाचित्र, दुसरीचे गुणधर्म आणि तिसरीवरील संशोधन एकाच लेखात एकत्र झाले, तर त्यावरून कच्चा माल घेणाऱ्या फार्मसीचे काय होईल, हे सांगावयास नको.

गुळवेलीचे उदाहरण ताजे आहे. महासाथीच्या काळात तिचे सेवन वाढले. २०२१ मध्ये मुंबईतील काही रुग्णांच्या यकृतविकाराचा संबंध गुळवेलीशी जोडणारा लेख यकृतरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने त्यास आक्षेप घेतला. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया आणि तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा यांतील घोटाळा होऊ शकतो, हा मुद्दाही पुढे आला. चांगल्या लेखात या दोन्ही बाजू असावयास हव्यात. एकच बाजू दिसली तर तो लेख अपुरा समजावा. आणि वैद्याने रुग्णास ‘कोणती वेल, कोठून आणली, किती दिवस घेत आहात’ हे विचारल्याशिवाय राहू नये.

आपल्या विदर्भात बिब्बा सर्वांच्या परिचयाचा. त्याच्या तेलाने त्वचेवर फोड उठतात, हे येथील शेतकऱ्यास ठाऊक असते. पण घरगुती उपायाचा लेख वाचणाऱ्या शहरातील वाचकास ठाऊक असेलच असे नाही. भल्लातक, वत्सनाभ, कुचला, धोत्रा, गुंजा ही द्रव्ये औषध नियमांच्या ‘ई (१)’ अनुसूचीत आहेत आणि ती असलेल्या पोटात घेण्याच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणे आवश्यक असते. अशा द्रव्यांची शोधनाशिवाय दिलेली मात्रा कोणत्याही मुक्त लेखावरून घेऊ नये आणि रुग्णासही घेऊ देऊ नये. मात्रेसाठी भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपिया, फॉर्म्युलरी आणि अनुसूचित ग्रंथ हेच प्रमाण.

६. आपला वाटा

दोष दाखवून आपले कर्तव्य संपत नाही. मराठीत वैद्यकविषयक लेख दुबळे आहेत, कारण जाणकार लिहीत नाहीत. राज्य मराठी विकास संस्थेने मराठी विकिपीडियाच्या लेखनकार्यशाळा घेतल्या आहेत. वैद्यांच्या तालुका संघटनांनीही तशा कार्यशाळा घेण्यास हरकत नाही. आरंभ वादग्रस्त लेखांपासून करू नये. ग्रंथ, ग्रंथकार, टीकाकार, वनस्पतींची प्रादेशिक नावे, छायाचित्रे ही कामे निर्विवाद आणि उपयोगी आहेत. आपल्या परिसरातील ओळख पटलेल्या वनस्पतीचे पान, फूल, फळ व साल यांचे चांगले छायाचित्र हे पानभर गुणवर्णनापेक्षा मोलाचे.

लिहिताना काही पथ्ये पाळावीत. छापील पुस्तकातील मजकूर उतरवून घालू नये. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. पदेशास्त्री १९०९ मध्ये निवर्तले, त्यामुळे त्यांचे ग्रंथ आता मुक्त आहेत, हयात लेखकांचे नाहीत. विकिपीडियावरील मजकूर माहितीपत्रकात घ्यावयाचा असल्यास मूळ स्थळाचा उल्लेख आणि परवान्याच्या अटी पाळाव्यात. फार्मसीचालकांनी स्वतःच्या उत्पादनावर लेख लिहू नये; मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने ते उघड करणे विकिपीडियाच्या अटींनुसार २०१४ पासून बंधनकारक आहे. रोगनिवारणाच्या दाव्यांना १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा लागू होतो, हेही विसरू नये.

सर्वांत महत्त्वाचे काम मात्र ज्ञानकोशाच्या बाहेरचे आहे. आपल्या रुग्णांची निदानपंचक, मात्रा, अनुपान, कालावधी, तपासण्या आणि अपयश यांसह नीट नोंद ठेवावी; ती महाविद्यालयातील अध्यापकांच्या साहाय्याने मान्यताप्राप्त नियतकालिकात प्रसिद्ध करावी. एकेक वृत्तांत दुर्बळ असला तरी त्यांतूनच पुढील परीक्षणाचा विषय निघतो, परीक्षणांतून आढावे तयार होतात आणि आढाव्यांतून ज्ञानकोशातील वाक्य बदलते.

उपसंहार

सुश्रुताचार्यांनी अर्थ न जाणता पाठांतर करणाऱ्यास चंदनाचा भार वाहणाऱ्या गाढवाची उपमा दिली आहे. त्यास ओझे कळते, चंदन कळत नाही. मुक्त ज्ञानकोशातील माहितीचा भारही तसाच वाहिला जाऊ शकतो. वैद्याने त्यास वाटाड्या मानावे, प्रमाण मानू नये. तेथून मूळ ग्रंथाकडे आणि मूळ संशोधनाकडे जावे. आयुर्वेदाविषयी तेथे काय लिहिले जाते, हे न्यायालयातील याचिकेने ठरले नाही. ते आपण काय नोंदवितो, काय छापतो आणि कोणत्या पुराव्यानिशी बोलतो, यावर ठरणार आहे. तालुक्यातील दहा वैद्यांनी वर्षभरात प्रत्येकी एक वनस्पती आणि एक रुग्णवृत्तांत इतके जरी नीट नोंदविले, तरी पुढील वर्षी संघटनेच्या सभेत मांडण्यासारखे काही हाती असेल.