ठिणगीची जागा बदलताना



जुन्या मोटारीत नवे इंजिन बसवून ती आपल्या आवडीप्रमाणे सजवण्याचा छंद अमेरिकेत फार मोठा आहे. या छंदात शेव्हरोलेच्या ‘एलएस’ जातीच्या आठ सिलिंडरी इंजिनाला विशेष मान आहे. त्यातले पहिले, एलएस-१, १९९७ च्या कॉर्व्हेट गाडीत आले. त्याच्या दोन्ही झाकणांवर चार-चार इग्निशन कॉइल रांगेने बसवलेल्या असतात. हौशी कारागिरांना त्या डोळ्यांत खुपतात, म्हणून ते त्या काढून आडबाजूला नेतात. हे चित्र पाहून आमच्या कार्यशाळेतील एका मुलाने विचारले, “सर, वायर लांब केली की झाले ना?” या प्रश्नासाठी हा पाठ.

कॉइलमध्ये जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे सुमारे शंभरपट वेढे असतात. बॅटरी १२ व्होल्टची. बहुतेक मुले १२ ला १०० ने गुणून १२०० सांगतात आणि तेथेच फसतात. प्रवाह एकदम तोडला की चुंबकक्षेत्र क्षणात कोसळते, त्यामुळे जाड तारेतच काही शे व्होल्ट निर्माण होतात. गुणायचे ते त्यांना. म्हणून प्लगला वीस हजार व्होल्ट आणि प्रसंगी त्याहूनही जास्त मिळतात. (चालू इंजिनाच्या प्लगच्या वायरला हात लावू नये, हे पालकांनीही घरी सांगावे.)

आता आठ कॉइल कशाला? इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एक ठिणगी लागते. आठांच्या मिळून सेकंदाला ४०० झाल्या. एकच कॉइल असेल तर तिला प्रत्येक ठिणगीसाठी अडीच मिलिसेकंद मिळतात, आठ असतील तर प्रत्येकीला २०. कॉइल भरायला निवांत वेळ मिळतो. शिवाय कॉइल प्लगजवळ असल्याने जाड वायर आखूड राहते.

कॉइल हलवली की हा दुसरा फायदा कमी होतो. संगणकाकडून येणाऱ्या बारीक वायरी नीट जोडून वाढवल्या तर फारसे बिघडत नाही. प्लगची जाड वायर मात्र इंजिनाच्या लोखंडाजवळून जाताना छोट्या कपॅसिटरसारखी वागते, आणि दर ठिणगीच्या वेळी थोडी ऊर्जा तिलाच भरण्यात जाते. म्हणून नवी जागा जवळची हवी, धुराच्या तापलेल्या नळ्यांपासून दूर हवी. कॉइलचे अर्थिंग इंजिनालाच पक्के जोडावे, रंग दिलेल्या पत्र्याला नव्हे.

वायरी एकत्र बांधून नीटनेटक्या करण्याचा मोहही टाळावा. शेव्हरोलेच्या १९५५ पासूनच्या जुन्या आठ सिलिंडरी इंजिनात ठिणगीचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा आहे. पाच आणि सात हे शेजारी, आणि पाठोपाठ पेटणारे. त्यांच्या वायरी चिकटून धावल्या तर पाचची ठिणगी पडताना सातच्या वायरीतही दाब उमटतो आणि सातमधले मिश्रण वेळेआधी पेटू शकते.

आमचीही एक चूक सांगायला हवी. कार्यशाळेतल्या जुन्या चार सिलिंडरी इंजिनाची एकुलती कॉइल धुराच्या नळीजवळ तापत होती, म्हणून आम्ही ती मागच्या पत्र्यावर नेली. इंजिन चालू झाले, पण भार पडला की अडखळू लागले. दोन दिवस आम्ही बिचाऱ्या कार्बोरेटरला दोष देत बसलो. शेवटी एका विद्यार्थिनीने दाखवले की कॉइलच्या + आणि − खुणांवरच्या वायरी उलट लागल्या आहेत. प्लगचा मधला कांडा तापलेला असतो, आणि तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. म्हणून तो ऋण असावा लागतो. उलट जोडणीत इलेक्ट्रॉन थंड बाजूने सुटावे लागतात. त्याला जास्त दाब हवा, आणि भार असताना तो पुरत नाही.

वायरी बदलल्या, अडखळणे थांबले. आता + कडच्या वायरीला लाल चिकटपट्टी गुंडाळली आहे.