बटाटा: इतिहास घडवणारा कंद

उपवासाची भाजी असो वा वडा, बटाट्यावाचून आपले स्वयंपाकघर अडून बसते. पण हा साधा कंद मानवी संस्कृतीच्या उभारणीस कारण झाला, आणि एका राष्ट्रावर त्याच्यामुळेच अरिष्ट कोसळले, हे तुम्हाला ठाऊक होते का? त्या अरिष्टातून आज आपण काय शिकू शकतो?

पर्वतावरील अन्नभांडार

सुमारे ७,००० वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतात, टिटिकाका सरोवराच्या परिसरात लोक बटाटा लावू लागले. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटर उंचीवरील त्या थंड प्रदेशात इतर पिके कष्टानेच येत. तेथील लोक बटाटे रात्रीच्या हिमात गोठवीत, पायांनी तुडवून त्यांतील पाणी काढीत व ते उन्हात वाळवीत. ‘चुन्यो’ नावाचे हे अन्न कित्येक वर्षे टिकते. अशा साठवलेल्या अन्नाच्या बळावरच इंका साम्राज्याला आपले सैनिक व मजूर पोसता आले.

संशयाकडून स्वीकाराकडे

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पॅनिश लोकांनी बटाटा युरोपात नेला. आरंभी पुष्कळांना तो संशयास्पद वाटला. तथापि, त्याचा एक मोठा गुण लवकरच ध्यानात आला: थोड्या जमिनीत तो पुष्कळ माणसांची भूक भागवी. १७५६ मध्ये प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने त्याची लागवड करण्याचा हुकूम काढला. अर्थतज्ज्ञांच्या एका अभ्यासानुसार १७०० ते १९०० या काळात युरोप, आशिया व आफ्रिका खंडांत जी लोकसंख्या वाढली, तिच्यापैकी सुमारे एक चतुर्थांश वाढीचे श्रेय बटाट्याला जाते.

एकाच जातीवर विसंबल्याचा परिणाम

परंतु आयर्लंडमध्ये काय घडले ते पाहा. तेथील गरीब कुळांचा उदरनिर्वाह जवळजवळ सर्वस्वी बटाट्यावर, आणि त्यातही प्रामुख्याने ‘लंपर’ या एकाच जातीवर चाले. बटाट्याचे पीक बियांपासून नव्हे, तर कंदाच्याच बेण्यापासून घेतात. त्यामुळे एका जातीची सारी रोपे गुणधर्मांनी एकसारखी असतात. एक रोगाला बळी पडले की सर्वच पडतात.

१८४५ मध्ये करपा रोग आला. दमट, थंड हवेत तो झपाट्याने पसरला. पाने काळी पडली, जमिनीतील कंद कुजले. १८४६ मध्ये तर जवळजवळ सर्व पीक गेले. पुढील काही वर्षांत सुमारे १० लाख माणसे भूक व रोगराई यांनी मरण पावली आणि तितक्याच, किंबहुना अधिक लोकांनी देश सोडला. दुःखाची गोष्ट ही की, त्याच काळात आयर्लंडमधून धान्य परदेशी जातच होते. अर्थात, पीक रोगाने नेले, पण माणसे केवळ रोगामुळे मेली नाहीत. दुष्काळात मनुष्याच्या स्वार्थाचाही वाटा होता.

आपल्यासाठी धडा

भारतात बटाटा पोर्तुगीजांनी आणला. आपला ‘बटाटा’ हा शब्ददेखील त्यांच्याच भाषेतला. आज बटाट्याच्या उत्पादनात चीनच्या खालोखाल भारताचा क्रमांक लागतो. म्हणून आयर्लंडची कहाणी आपल्याला परकी मानता येणार नाही. करपा रोग आजही आपल्या शेतांत येतो. त्याला तोंड देणाऱ्या जाती निर्माण करण्याचे काम सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेत चालते. पेरूची राजधानी लिमा येथे १९७१ मध्ये स्थापन झालेले आंतरराष्ट्रीय केंद्र बटाट्याच्या हजारो जाती जतन करीत आहे. अँडीजमधील शेतकरी आजही एकाच शेतात नाना रंगांचे, नाना आकारांचे बटाटे लावतात. एक जात रोगाने गेली, तरी दुसरी तगते.

तुमच्या गावी एखादी वडीलधारी व्यक्ती भाताचे, ज्वारीचे वा वालाचे जुने बियाणे अजून जपून ठेवीत असेल, तर ते निरुपयोगी समजू नका. तिच्याकडून मूठभर मागून घ्या व पेरा. उद्या एखाद्या रोगाने सारे शिवार झोडपले, तर कदाचित ती मूठच उपयोगी पडेल.