हाताला येतं, सांगता येत नाही

॥ श्री गुरवे नमः ॥



*या गुरुवारचा अभ्यास : नकळत शिकलेला क्रम*

आधी एक छोटी परीक्षा. रोजच्या आरतीचं तिसरं कडवं टाळी न वाजवता, चाल न लावता, नुसतं बोलून म्हणा. बहुतेकांची गाडी अडते. मग मनातल्या मनात पहिल्यापासून चालीवर म्हणत यावं लागतं, आणि तिसरं कडवं आपोआप तोंडात येतं.

हे आपल्याला शिकवलं कुणी? कुणीच नाही. लहानपणी आजीच्या शेजारी टाळ्या वाजवत उभे राहिलो, एवढंच. तरी कोणत्या आरतीनंतर कोणती, कापूर कधी, स्वतःभोवती फिरायचं कधी, हा सगळा क्रम अंगात बसला. याला नकळत शिकणं म्हणतात, आणि त्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास झालेला आहे.

*प्रयोग काय सांगतात?*

१९८७ साली अमेरिकेत मेरी जो निसेन आणि पीटर बुलेमर यांनी एक साधा प्रयोग केला. पडद्यावर चार जागा. त्यांपैकी एका जागी खूण दिसली की तिच्या खालचं बटण दाबायचं. खुणा दहाच्या ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा येत होत्या, पण ते कुणाला सांगितलेलं नव्हतं. हळूहळू बोटं चपळ झाली. खुणा मात्र क्रमाशिवाय येत, तेव्हा तेवढी चपळता येईना. म्हणजे बोटांनी क्रम शिकला होता.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा.

१) स्मृती गेलेल्या रुग्णांची बोटंही चपळ झाली. काही क्रम आहे हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

२) काही जणांना त्याच वेळी कानावर पडणारे स्वर मोजायला सांगितले. त्यांचं शिकणं पार मंदावलं. नकळत शिकायलाही लक्ष लागतंच!

पुढे २००१ मध्ये जर्मनीत योआखिम हॉफमान आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक बटणाला एक स्वर जोडला. बटण दाबलं की त्याचा ठरलेला स्वर वाजायचा, तेव्हा क्रम जास्त चांगला बसला. कोणत्याही बटणाला कोणताही स्वर वाजू लागला, तेव्हा तो फायदा मिळाला नाही. म्हणजे नुसता आवाज उपयोगाचा नाही. *कृती आणि खूण यांची जोडी पक्की हवी.* टाळी आणि शब्द यांची जोडी अशीच असते.

*आपल्या उज्जैनातलं उदाहरण*

श्रीकृष्ण, बलराम आणि सुदामा जिथे शिकले, ते सांदीपनी आश्रमाचं स्थान आपल्याच गावात. त्याच नावाचं महर्षी सांदीपनी राष्ट्रीय वेदविद्या प्रतिष्ठान १९८७ साली दिल्लीत स्थापन झालं आणि १९९३ मध्ये उज्जैनला आलं. वेदपाठ तोंडीच शिकवला जातो, गुरुजी म्हणतात आणि विद्यार्थी मागून म्हणतात. शुक्ल यजुर्वेदाच्या पाठात स्वर वर-खाली गेला की हातही तसाच वर-खाली जातो. कान, जीभ आणि हात यांना एकाच वेळी एकच धडा मिळतो. तिथले विद्यार्थी जाणूनबुजून शिकतात हे खरं, पण खुणांची पक्की जोडी कशी असते ते इथे स्पष्ट दिसतं. हजारो वर्षं पाठ शुद्ध राहिला, त्यात या जोडीचाही वाटा आहे.

*घरात याचा उपयोग*

• मुलांना आरती पाठ करायला बसवू नका. शेजारी उभं करा, हातात टाळ द्या.
• चाल, लय आणि क्रम रोज तोच ठेवा. मोबाईलवर रोज वेगळ्या चालीची आरती लावली तर जोडी जमत नाही.
• आरतीच्या दहा मिनिटांत टीव्ही बंद. एक कान मालिकेकडे असेल तर बाकी काय बसणार?

आणि एक सावधगिरी. नकळत शिकणाऱ्या मनाला चूक-बरोबर कळत नाही, अर्थही कळत नाही. गणपतीच्या आरतीत ‘संकटी’ऐवजी ‘संकष्टी’ म्हणणारे किती आहेत बघा! कानावर पडलं तेच बसलं. म्हणून अर्थ मात्र मुद्दाम, पुस्तक उघडून शिकायचा.

*घरातल्या वृद्धांसाठी*

आजच्या पाठातला माझ्या मते सगळ्यात मोठा भाग हाच. स्मृतिभ्रंश झालेल्या आजी सुनेचं नाव विसरतात, जेवण झालं की नाही ते विसरतात, पण आरती सुरू झाली की टाळी बरोबर धरतात. मग घरात कुणीतरी बोलतं, “एवढं आठवतं, मग आमचीच नावं कशी विसरतात? नाटक करतात.”

नाटक नसतं हो ते. नावं आणि प्रसंग लक्षात ठेवणारी स्मृती वेगळी, सवयीचा क्रम सांभाळणारी वेगळी. पहिली गेली तरी दुसरी पुष्कळ काळ टिकू शकते. निसेन यांनी १९८७ मध्येच डेव्हिड नॉपमन यांच्याबरोबर अल्झायमरच्या रुग्णांवर असाच प्रयोग केला होता, आणि त्यांतल्या अनेकांनी क्रम शिकून दाखवला.

म्हणून अशा व्यक्तीला “सांगा बरं मी कोण?” असं विचारून परीक्षा घेऊ नका. त्यांच्या ओळखीची खूण द्या. हातात टाळ द्या, जुनी चाल धरा, कापराचा तोच वास, बसायची तीच जागा. आजार याने बरा होत नाही, डॉक्टर आणि औषध चालूच ठेवायचं. पण रोजची ती दहा मिनिटं त्या आपल्या सगळ्यांबरोबर असतात, आणि तेवढा वेळ त्यांना कुणी चुकीचं ठरवत नाही. ही सेवाच आहे.

*या आठवड्याचा गृहपाठ*

१) घरच्या आरतीचा क्रम न म्हणता कागदावर लिहा. मग प्रत्यक्ष म्हणताना ताडून पहा.
२) एका आरतीचा अर्थ मुलांना समजावून सांगा.
३) घरात वृद्ध असतील तर आज टाळ त्यांच्या हातात द्या.

अनुभव आपापल्या कुटुंब गटात जरूर लिहा.

आपली एक सेविका, उज्जैन
जय गुरुदेव 🙏