सर्पदंश आणि उपचार

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात जुन्नर व आंबेगाव हे दोन तालुके आहेत. कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या पाण्यावर येथे ऊस, कांदा व टोमॅटो पिकतो. पश्चिमेकडील डोंगरांत भातखाचरे आहेत. जेथे धान्य साठते तेथे उंदीर येतात आणि उंदरांच्या मागोमाग साप येतो. तो माणसाच्या शोधात आलेला नसतो. परंतु रात्री उसाला पाणी देण्यास निघालेल्या शेतकऱ्याचा पाय त्याच्यावर पडला, किंवा गोवऱ्यांच्या ढिगात कोणी हात घातला, म्हणजे तो स्वसंरक्षणासाठी दंश करतो.

आपल्याकडील बहुतेक साप बिनविषारी आहेत. धामण, दिवड, तस्कर, कवड्या यांच्या चावण्याने मनुष्य मरत नाही. प्राण जातात ते मुख्यतः नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांमुळे. नाग व मण्यार यांच्या विषाचा परिणाम मज्जासंस्थेवर होतो. पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणे अडखळते, गिळता येत नाही आणि अखेरीस श्वासोच्छ्वास मंदावतो. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बंद पडते. दंशाच्या जागी ठणका लागतो, सूज चढते आणि हिरड्यांतून किंवा लघवीवाटे रक्त जाऊ लागते.

या चौघांत मण्यार फार फसवी. ती रात्री हिंडते आणि जमिनीवर अंथरूण टाकून निजलेल्यांना दंश करते. तिचे दात इतके बारीक असतात की वेदना जवळजवळ होत नाही, खूणही पुष्कळदा दिसत नाही. पहाटे मूल पोट दुखते म्हणून रडत उठते. आई त्याला ओवा देते. आणि पापण्या मिटू लागेपर्यंत सापाची शंकाही कोणाच्या मनात येत नाही. खाटेवर निजणे आणि मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचणे, एवढ्या साध्या उपायाने हा दंश बहुधा टळतो.

सर्पदंश झालेल्यास मांत्रिकाकडे किंवा देवळात नेण्याची रीत जुनी आहे. मंत्राने बरी झालेली माणसे गावोगाव दाखविता येतात, हेही खोटे नव्हे. परंतु त्यांतील कित्येकांना बिनविषारी साप चावलेला असतो; विषारी सापही कधी कधी नुसते दात लावतो, विष सोडत नाही. ही माणसे मंत्रावाचूनही बरी झाली असती. मंत्राची कीर्ती सांगण्यास तीच मागे उरतात. ज्यांच्या अंगात खरोखर विष भिनले होते, ते काही सांगण्यास राहत नाहीत.

भारतात २००० ते २०१९ या काळात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. यांतील बहुतेक खेड्यापाड्यांतील होती. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत व त्यांच्या पत्नी डॉ. पल्लवी राऊत यांनी अशा रुग्णांवर उपचार करण्यात अनेक वर्षे घालविली आहेत. आपल्या परिसरात सर्पदंशाने एकही मृत्यू होऊ नये, असा त्यांनी ध्यास घेतला. त्यासाठी दवाखान्यात बसून राहणे पुरेसे नव्हते. शाळांत व गावांत जाऊन लोकांना समजावून सांगणे, हेही त्यांनी आपले कामच मानले.

दंश झाल्यावर रुग्णास प्रथम धीर द्यावा. त्याला चालू देऊ नये. अंगठी, कडे, पैंजण काढून ठेवावे. हाड मोडल्यावर बांधतात तसा फळीचा आधार देऊन तो हात किंवा पाय स्थिर ठेवावा आणि १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी, अथवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. दोरी आवळून बांधू नये. तिने रक्तपुरवठा थांबून अवयव निकामी होतो, आणि ती सोडताच विष एकदम पसरते. ब्लेडने चिरून रक्त काढणे तर फारच वाईट. कारण घोणशीच्या विषाने रक्त गोठत नसेल, तर ती जखम वाहतच राहते. साप मारून आणण्यातही वेळ दवडू नये.

साप पाहिल्यावाचूनही डॉक्टरांना लक्षणांवरून पुष्कळ कळते. एक परीक्षा तर अगदी सोपी आहे. रुग्णाचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचनळीत घेऊन २० मिनिटे न हलविता ठेवतात. ते गोठले नाही तर घोणस किंवा फुरसे यांचे विष अंगात आहे, असे धरून चालतात. नाग अथवा मण्यारीच्या विषाने श्वास थांबू लागल्यास यंत्राने श्वास चालू ठेवतात. अशा वेळी डोळे मिटलेला, निश्चल पडलेला रुग्ण पुष्कळदा सारे ऐकत असतो.

विषावरचे खरे औषध म्हणजे प्रतिसर्पविष. लोक त्यास लस म्हणतात, पण लस रोगाच्या आधी देतात, हे दंशानंतर. घोड्यांना या चार सापांचे विष अत्यल्प प्रमाणात, वाढत्या मात्रेने टोचतात. घोड्यांच्या रक्तात विषास निष्प्रभ करणारी द्रव्ये तयार होतात. ती वेगळी करून, शुद्ध करून कुप्यांत भरतात. मुंबईत परळ येथे १८९९ मध्ये स्थापन झालेल्या हाफकिन संस्थेचे नाव या औषधाशी दीर्घकाळ जोडलेले आहे.

इतर औषधे मुलांना वजनाप्रमाणे कमी देतात. याची गोष्ट वेगळी आहे. समोर लहान मूल आहे म्हणून साप कमी विष सोडत नाही. त्यामुळे आठ वर्षांच्या मुलीलाही मोठ्या माणसाएवढेच प्रतिसर्पविष दिले जाते.