दुखतंय तिथलंच सांग

भाऊ, तू सगळ्यांना कंबर दुखते म्हणून सांगतोस. घरात सांगतोस, मेडिकलवर सांगतोस, डॉक्टरांपुढेही तेच. पण जेवायला बसताना तू एका बाजूला कलून बसतोस. मलकापूरहून मोटारसायकलवर आलास की उतरल्यावर पाच मिनिटं उभाच राहतोस. लघवीला जाऊन आल्यावर तुझा चेहरा ओढलेला असतो. कंबरदुखीचं माणूस असं करत नाही रे.

असलं काही बहिणीनं विचारू नये, असं आपल्याकडे मानतात. पण वडनेरात तुला हे दुसरं विचारणार कोण? आम्हा बायकांचं एक बरं आहे. अंगावरून जातं, ओटीपोटात दुखतं, हे आम्ही आशाताईला सांगतो, कापूस वेचता वेचता एकमेकींना सांगतो. तुम्ही पुरुष पारावर तासन् तास सोयाबीनच्या भावावर बोलाल, पण जांघेतल्या कळेचं नाव काढणार नाही. म्हणून मीच काढते.

ओटीपोट, जांघ, अंडकोष, लिंगाचं टोक, अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधली जागा, यांपैकी कुठंही तीन महिन्यांहून जास्त दुखत असेल, लघवी पुन्हा पुन्हा लागत असेल, जळजळत असेल, संबंधानंतर ठणकत असेल, तर डॉक्टरांकडे त्याला नाव आहे. प्रोस्टेट ग्रंथीची जुनाट सूज किंवा पुरुषांचं जुनाट ओटीपोटाचं दुखणं म्हणतात. हे म्हातारपणाचंच दुखणं नाही, तिशी-चाळिशीतल्या धडधाकट माणसांनाही होतं. आणि यातल्या दहापैकी नऊ जणांच्या लघवीत जंतू सापडतच नाहीत.

हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेव, कारण तुझा पैसा तिथंच जातोय. उन्हाळी लागली म्हणून तू आधी धण्याचं पाणी प्यायलास, मग मेडिकलवरून अँटिबायोटिक आणलं, ते संपल्यावर दुसरं आणलं. उत्तर अमेरिकेत १९६ पुरुषांवर एक चाचणी झाली होती, २००४ साली ती छापून आली. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक आणि लघवी मोकळी करणारी टॅम्सुलोसिनची गोळी सहा आठवडे देऊन पाहिली. जुनं दुखणं असलेल्यांना औषध नसलेल्या गोळीपेक्षा त्यांचा फारसा जास्त फायदा झाला नाही. जंतू सापडले तर अँटिबायोटिक हवंच, आणि लघवी अडखळत असेल तर टॅम्सुलोसिनचा काहींना उपयोग होतो. पण ते तपासून ठरवायचं असतं, काउंटरवर उभं राहून नाही.

मग दुखतं कशानं? बऱ्याच जणांच्या बाबतीत ओटीपोटाच्या तळाशी असलेले स्नायू सतत आवळलेले असतात. दिवसभर मूठ घट्ट धरून ठेवली तर हात जसा भरून येतो, तसे हे स्नायू भरून येतात. ट्रॅक्टरवर, गाडीवर तासन् तास बसणं, बद्धकोष्ठ, लघवी दाबून धरणं, जुना संसर्ग, मनावरचा ताण, यांतलं काहीही त्यात भर घालतं. दुखलं की माणूस आणखी आवळून घेतो आणि आवळलं की आणखी दुखतं. म्हणजे दुखणं खरं आहे, तुझ्या मनाचे खेळ नाहीत. फक्त त्याचं कारण लघवीच्या रिपोर्टात दिसत नाही.

लघवीचा त्रास म्हटला की आपल्याकडे पहिला संशय मुतखड्यावर. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला तो यायचाच. सोनोग्राफी जरूर कर. पण खडा निघाला नाही म्हणून ‘काही नाही, जा घरी’ असं कोणी म्हटलं तर तिथं थांबू नकोस.

रस्त्याकडेच्या भिंतींवर ‘गुप्तरोग, धातू जाणे, खात्रीशीर इलाज’ असं रंगवलेलं असतं ना, त्या नंबरांना फोन करू नकोस. शौचाला जोर केल्यावर चिकट थेंब आला म्हणजे ताकद निघून गेली, ही भीती आपल्याकडे इतकी जुनी आहे की डॉ. विग यांनी १९६० मध्ये तिला वैद्यकात ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. तरुणपणी काही केलं त्याची ही शिक्षा, असंही मनात आणू नकोस. रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत होते. असल्या प्रश्नांना ते मराठीत छापून उत्तरं देत. तेव्हाचे लोक पत्रानं विचारत होते, तू तर समोर बसून विचारू शकतोस.

आता जायचं कुठं? आधी मलकापूर किंवा खामगावच्या सरकारी रुग्णालयात जा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत केले आहेत. तिथून गरज पडली तर अकोला किंवा जळगावच्या युरोलॉजिस्टकडे जाता येईल. आत गेल्यावर जीभ अडखळेल, म्हणून कागदावर लिहून ने. असं लिही: ‘चार महिन्यांपासून अंडकोषाच्या मागं दुखतं. बसलं की वाढतं, आडवं झालं की कमी होतं. लघवी झाल्यावर जळजळतं. संबंधानंतर दोन दिवस ठणकतं. आतापर्यंत ही औषधं घेतली.’ बोलवत नसेल तर कागदच पुढं कर. लघवीची तपासणी आणि कल्चर, साखर, सोनोग्राफी होईल. डॉक्टर गुदद्वारातून बोट घालून प्रोस्टेट आणि स्नायू तपासतील. एखाद मिनिटाचं काम असतं, त्याला नाही म्हणू नकोस. लघवीचा टीबीही आपल्या देशात होतो, तेव्हा त्याचीही शंका विचारून घे.

काही गोष्टींना मात्र थांबायचं नाही. थंडी वाजून ताप, लघवी बंद होणं, अंडकोषात अचानक असह्य कळ, किंवा बसण्याची जागा बधिर होऊन लघवीवरचा ताबा सुटणं, यांतलं काहीही झालं तर रात्र असली तरी निघ. अंडकोषाला पीळ पडला असेल तर हातात काही तासच असतात. लघवीत रक्त दिसलं, अंडकोषात गाठ लागली किंवा वजन उतरत चाललं, तर त्याच आठवड्यात दाखव.

उपचार एकाच गोळीचा नसतो. दुखणं कमी करणारी औषधं, लागलंच तर नसांसाठी रात्रीची गोळी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या स्नायूंची फिजिओथेरपी. मोबाइलवर बघून लघवी अडवल्यासारखे आवळायचे व्यायाम करू नकोस. आधीच आवळलेल्या स्नायूंचं दुखणं त्यानं वाढू शकतं. तुला सैल सोडायला शिकायचंय. चटईवर उताणा पड, पोटऱ्या खाटेवर ठेव, हात बेंबीवर. नाकानं सावकाश श्वास घे, पोट वर येऊ दे आणि लघवी सुरू होताना खाली जसं मोकळं वाटतं तसं मोकळं सोड. जोर करायचा नाही. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं. टबात कोमट पाणी घेऊन बसलास तरी आराम पडतो. ट्रॅक्टरवरून तासाभरानं उतरून चार पावलं चाल. तिखटानं, चहानं किंवा दारूनं त्रास वाढतो का ते बघ आणि वाढत असेल तर सोड.

माझ्या भावजयीशी बोल. तू जवळ जात नाहीस याचा ती काय अर्थ लावत असेल, याचा विचार कर. दुखतं म्हणून टाळतो, एवढं सांगितलंस तरी तिच्या मनावरचं ओझं उतरेल. हा संसर्ग नसेल तर तुझ्यापासून तिला काही लागत नाही, हेही सांग. आणि या दुखण्यानं जगणं नकोसं वाटायला लागलं, तर त्याच घटकेला मला उठव, किंवा १४४१६ वर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनला फोन लाव. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

बरं वाटायला महिने लागतात. मधे चांगले दिवस येतील, पुन्हा दुखेल, तेव्हा सगळं वाया गेलं असं धरून बसू नकोस. औषध लागू पडलं नाही तर डॉक्टरांना तसं सांग, म्हणजे ते बदलतील. न सांगता दुसरा डॉक्टर धरलास की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. जाण्यायेण्याला, तपासणीला पैसे कमी पडले तर आधी मला सांगायचं, सावकाराकडे जायचं नाही.