रेल्वेत लावून देतो म्हणणारा

आमच्याकडे धानाचे चुकारे जमा झाले की असली माणसं दारात येतात. माझ्या लहान भावाला रेल्वेत लावून देतो म्हणणारा असाच आला, ओळखीतून, घरचा चहा पिऊन फसवून गेला. आता गावात आम्हालाच लोभी म्हणतात. अभ्यासिकेत वर्षं घालवलेल्या पोराला नोकरी लागावी, यात कसला लोभ? चोर तो आहे.

"भाऊ, गोष्ट बाहेर नाही गेली पाहिजे, नाहीतर कोटा रद्द होते," हे त्याचं पालुपद. पैसे रोख, पावती नाही. बिलासपूरच्या एका लॉजवर 'मेडिकल' झालं, मग नेमणूकपत्र आलं. ते घेऊन आम्ही नागपूरला डीआरएम, म्हणजे मंडल रेल प्रबंधकाच्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाबूंनी मजकूर वाचलाच नाही, गोल शिक्क्यावर बोट ठेवलं : 'मंडल रेल प्रबंधक, गोंदिया'. अरे, गोंदिया जंक्शन आहे, मंडळ नागपूरचं! भावाचा चेहरा पाहवेना. बाहेर येऊन फोन लावला तर तो म्हणतो, "तुम्ही तिथं गेलेच कशाला? तुमचं काम तुम्हीच बिघडवलं." पैसे खाऊन वर ही भाषा.

म्हणून सांगतो. रेल्वेची भरती आरआरबी (रेल्वे भरती मंडळ) नाहीतर आरआरसीच्या (रेल्वे भरती कक्ष) जाहिरातीवरून होते. दलालाच्या हातात कुठलाच कोटा नसतो. केंद्राच्या गट क पदांना १ जानेवारी २०१६ पासून मुलाखतच नाही, तेव्हा 'मुलाखत सांभाळून घेतो' म्हणणारा तिथंच खोटा ठरतो. वैद्यकीय तपासणी रेल्वेच्या दवाखान्यात होते, लॉजवर नाही. आणि 'ट्रेनिंग सुरू झालं' म्हणून निर्धास्त होऊ नका. २०२२ साली तामिळनाडूच्या २८ जणांना नवी दिल्ली स्टेशनवर महिनाभर गाड्या आणि डबे मोजायला बसवलं होतं, ट्रेनिंग म्हणून. त्यांचे अडीच कोटींहून जास्त रुपये गेले.

मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका. भावाची बारावीची गुणपत्रिका अजून त्या माणसाकडेच अडकली आहे. दुय्यम प्रतीसाठी आता बोर्डाकडे अर्ज करावा लागतो आहे.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. रोख दिले असतील तर फोनमधले मेसेज, रेकॉर्डिंग काही पुसू नका. नातेवाईक म्हणतील, इज्जत जाईल, गप्प बसा. ऐकू नका. ठाण्यात जाऊन लेखी तक्रार द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.